नुसतं उत्तर चालत नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

आज कसबा बावड्यात आले. घर नवंकोरं, फरशीत तोंड दिसतं. मला स्वतंत्र खोली, नळाला गरम पाणी, खिडकीतून समोर ऊस. कारखाना चालू आहे, त्यामुळं मळीचा वास येतो. येऊ दे, मला चालतो.

काम दोन आठवड्यांचं. तात्यासाहेबांना सांभाळायचं. वय अठ्ठ्याहत्तर, पावसाळ्यात अर्धांगवायू झाला. डावा हात मेलेला, जिभेला चव नाही, आणि पोटच्या पोराला ओळखत नाहीत. मुलगा वृषभ समोर उभा राहिला तर पावणं कोण म्हणून विचारतात. तरी तो रोज सकाळी पाया पडून कामाला जातो. सून आदिती घरीच असते. तिनं मला पहिलं काय विचारलं तर लिहिता येतं का. मी म्हटलं चौथी पास हाय, सावकाश लिहिते पण गिचमीड करत न्हाय. आधीची सीताबाई अचानक गेली म्हणून मी बदली आलेय. सोळा तारखेपर्यंतच थांबणार, हे दारातच सांगून टाकलं. सोळाला माझी पूर्णिमा मलकापूरहून येणार, पहिलं बाळंतपण, ते माझ्याच घरी गडमुडशिंगीत व्हायचं. त्यात कुणाचं काही ऐकणार नाही.

ही वही पूर्णिमानंच दिली. म्हणाली, रोज चार ओळी लिही आई, हात वळंल. आज चारच्या वर झाल्या.

५ फेब्रुवारी, बुधवार

लिहिता यायला कशाला पाहिजे होतं ते कळलं. तात्यासाहेब शब्दकोडी करतात. बरीच वर्षं पेपरात द्यायचे. रोज दहा वाजता चहा झाला की मी पट्टीनं चौकोन आखायचे, सांगतील ते काळे करायचे. साधी कोडी नाहीत. एक वाक्य सांगतात, त्यात अर्थ पण असतो आणि उत्तराची अक्षरं पण लपवलेली असतात. बहुतेकदा दोन शब्दांच्या सांध्यात. बाकीची ते स्वतःच सोडवतात, एक माझ्यासाठी ठेवतात.

मला आधी रागच आला. एवढा मोठा माणूस आणि चौकोनांत खेळतोय. आजचं वाक्य होतं, मी ठरवलं तरच चव लागते, दोन अक्षरं. मी म्हटलं स्वयंपाकीण. ते म्हणाले मोजा की बाई, दोन. शेवटी एकदम दिसलं आणि मी ओरडलेच, मीठ. म्हणाले, नुसतं उत्तर चालत नाही, तो तुक्का झाला. कसं आलं ते उकलून सांगा. मग सांगितलं. मी तला मी, ठरवलं तला ठ, आणि चव मिठानंच लागते. अर्ध्या तोंडानं हसले. म्हणाले, बायडाबाई, तुमचं डोकं सुनेपेक्षा चालतं. मला आजपर्यंत असं कुणी म्हटलं नव्हतं. नवरा होता तोवर त्यानं पण नाही.

दुपारी आमटी अळणी होती. आदितीला तोंडावर सांगितलं. तिनं चाखली, म्हणाली मीठ आहे मावशी. तात्यासाहेबांनी वाटी चाटून पुसून खाल्ली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

जिभेवर नुसतं मीठ ठेवून बघितलं. वाळू.

आजचं कोडं, दहा तरुणांत लपलाय पाच बोटांचा मालक. हे तर शेंबड्या पोराला आलं असतं. दहा तला हा, तरुणातला त, हात. लगेच उकल करून टाकली, वेळ घालवायला आवडत नाही मला.

दुपारी डाव्या हातातली बादली सुटली. उचलायला गेले तर बोटं मिटेनात. खोलीत गेले, तर तात्यासाहेब डाव्या हातानं नाक खाजवत होते. वृषभ आल्यावर बापाचा हात धरून रडला, पेढे आणले. मला पण दोन दिले. मी उजव्या हातानं घेतले.

८ फेब्रुवारी, शनिवार

कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं शीर दबलीय म्हणून सांगितलं. पांढऱ्या गोळ्या. घरी येऊन डाव्या हाताला सुई टोचली. रक्त आलं. दुखलं नाही. उजवा राहिलाय ते बरं, लिहायला.

पूर्णिमाचा फोन. बाळ लई लाथा मारतंय म्हणाली. मी म्हटलं मारू दे, तुझंच हाय.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज कळलं.

वाक्य होतं, दिवा समईत लावला तरी फुलाचा सापडतो. मी वास म्हटलं आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, आदिती देवळात गेली होती, म्हणून गॅस बारीक करायला पळाले. परत आले तर तात्यासाहेब घाम पुसत बसलेले. उकल सांगा, उकल सांगा, लावून धरलं. मी म्हटलं भात करपंल, आणि गेलेच नाही परत. दिवसभर मळीचा वास येतोय. म्हणजे उत्तरानं जात नाही. उकलून सांगितलं की जातं, आणि त्यांना मिळतं.

आदितीला गाठलं. ती फरशीकडं बघत बोलली. पावसाळ्यात तात्यांची वाचा पण गेलती. उजव्या हातानं कागदावर कोडी लिहून दाखवायचे. सीताबाईंनी एक सोडवलं आणि समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी तात्या बोलायला लागले. सीताबाई आता घरी असतात, खुणा करतात. मी म्हटलं, आणि तू मला सांगितलं न्हाईस. म्हणाली, मावशी, तुम्ही नसता तर मला बसवलं असतं.

पिशवी भरली. पण न बोलता निघणारी मी नव्हे. खोलीत जाऊन तोंडाला येईल ते बोलले, म्हातारा हायस का गोचीड, असंही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, सारा गलका झाला की आतून उठतो, दोन अक्षरं, येणार नाही तुम्हाला. येणार नाही म्हणतो मला. मी तिथंच सुनावलं, राग, सारा तला रा, गलक्यातला ग, मला काय खुळी समजलाय.

तोंडातून गेल्यावर कळलं.

पिशवी परत कपाटात ठेवली. का निघाले होते ते माहीत आहे. पण निघावं असं आतून काही उठत नाही. रात्रीचा भात करपला होता. भांडं घासलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

तात्यासाहेबांनी आज ताट भिरकावलं. आदितीला नाही नाही ते बोलले, वृषभला म्हणाले हा परका माणूस घरात कशाला घेतलाय. वृषभनं ताट उचललं. आमटी भिंतीला उडाली होती, पुसली. मला एक चपराक बसली. गाल गरम झाला, बाकी काही नाही.

चार दिवस राहिलेत.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आजचं वाक्य. न सांगितले, कळते तरी जिला आईचं दुखणं. दोन अक्षरं.

ऐकलं आणि दिसलं. मला लगेच दिसतं आता. पदराचा बोळा करून तोंडात धरला. त्यांनी अकरा वेळा वाक्य म्हटलं, मी मोजलं. अंगाला घाम. हे भ्यालेलं असेल तर भ्यालेय. राग असता तर बरं झालं असतं.

त्यांना पोटचं पोर ओळखायचंय. ते माझ्यातनं काढणार.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पूर्णिमाला फोन केला. इकडं येऊ नको, थेट गडमुडशिंगीला जा, किल्ली शेजारी बायडाक्का — नाही, बायडा मीच. शेजारी पूर्णाक्का — भीतीनं नावं पण सुचेनात. किल्ली शेजारी आहे म्हटलं. ती हसली. म्हणाली, आई, तुझा आवाज असा का, कुणावर खेकसली न्हाईस आज. मी येतेच बघायला. फोन ठेवला तिनं.

न सांगता कळलं तिला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दहा वाजता वाक्य. बोळा. अकराला वाक्य. बोळा. जेवताना वाक्य —

दात ओठात रुतलेत. चव नाही रक्ताला.

उद्या सकाळी सातला निघायचं. रस्त्यावरच उभी राहीन, तिला आत येऊ देणार —

१६ फेब्रुवारी, रविवार

घाईत लिहितेय. जाईल त्याआधी.

ती सहाच्या गाडीनं आली. मी अंघोळीला गेले तेवढ्यात आदितीनं आत घेतलं. बाहेर आले तर सोप्यात बसलेली, पोट पुढं, हातात पेन्सिल. शेजारी तात्यासाहेब. कितवी झालीस बाळ विचारत होते. बी.ए. म्हणाली. मग एवढं सोडव बघू, तुझ्या आईला चार दिवस येईना.

तेच वाक्य.

तिनं उकललं तर तिची लेक जाणार, आणि तिची लेक तिच्या पोटात आहे. असेल तर. पोटात काय आहे ते कुणाला माहीत.

ती हसली. म्हणाली, हे तर सोपं आहे, सांगितले मधला ले —

मी पुढं बोलले. मोठ्यानं. लेक. सांगितले तला ले, कळते तला क. न सांगता जिला आईचं दुखणं कळतं ती लेक. सगळं मी सांगितलं, पुढचं एक अक्षर तिला बोलू दिलं नाही.

पेन्सिल काढून घेतली. कागद फाडला.

बाहेर तात्यासाहेब हाका मारतायत, वृषभ, अरे वृषभ, माझ्या बाळा. दोघं रडतायत.

लिहून ठेवते. पूर्णिमा माझी लेक. नवव्या महिन्यात. गडमुडशिंगीला न्यायची. पूर्णिमा माझी. उजव्या गालावर तीळ. लहानपणी मी तिला — तिला ताप आला तेव्हा मी —

आलता ना ताप? वर लिहिलंय मी, माझी लेक. अक्षर माझंच आहे.

ती पोरगी दारात उभी राहून आई आई करतीय. इथं कुणी तिची आई दिसत नाही. आदिती एवढी मोठी नाही.

पोटुशी बाई, दिवस भरत आलेत. लांबून आलीय, पायाला सूज आहे. तिला पाणी देऊन येते. अशा दिवसांत एकटीला कुणी पाठवलं, हिच्या आईला काही —