सातव्या होलवरचे चौघे

मंगळवार, ४ मार्च, संध्याकाळ

चि. आधीतुम्ही यास,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी, तेही वाचून झाल्यावर तू हसला नाहीस तर.

आज, मंगळवार दिनांक ४ मार्च रोजी, सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी माझ्यावर अन्याय झाला. वेळ अंदाजे सांगत नाही. तेहतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये प्रत्येक ट्रंक कॉलच्या चिठ्ठीवर मिनिटासकट वेळ लिहिली. काही बिनसलं की डोळे आधी घड्याळाकडे जातात.

क्लबातल्या बायकांच्या गोल्फ स्पर्धेची पहिली फेरी होती. आठ वाजता पहिली जोडी निघाली ती आमची, मी आणि बेकरीवाली. पुढे चिटपाखरू नाही. सहा होल असे खेळले की तू बघतास तर जळून कोळसा झाला असतास. सातवा तुला आठवत असेल. गेल्या वर्षी इथे आलास तेव्हा त्याच तळ्याला तीन चेंडू अर्पण केले होतेस. सव्वाशे यार्ड, मध्ये पाणी, पलीकडे ग्रीनची कातरलेली हिरवळ.

तर त्या ग्रीनवर चौघे उभे. तीन पुरुष, एक बाई. कुणाकडे पिशवी नाही, काठी नाही. बाईने हात वर करून या, या अशी खूण केली. मागच्यांना वाट द्यायची तर असा हात करतात, आणि हात केला की ताटकळत न ठेवता खेळायचं, हा शिष्टाचार तूच माझ्या डोक्यात बसवलास. मी घाईने मारला. तळ्यात. दुसरा मारला. तोही तळ्यात. दंडाचे धरून एकूण नऊ फटके झाले.

कार्डावर मात्र बेकरीवालीने दहा लिहिले. तिचं म्हणणं, दुसरा बुडाल्यावर ती पिशवीत वाकली असताना मागून टक् असा आवाज आला, एक चेंडू डोक्यांवरून गेला आणि थेट ग्रीनवर पडला. मारायला तिथे माझ्याशिवाय होतं कोण? मी तेव्हा पाठ फिरवून चष्मा पुसत होते. आवाज मीही ऐकला. मारला मी नाही. तळ्याला वळसा घालून पोचलो तोवर चौघे निघून गेले होते आणि तो चेंडू पडला होता. त्यावर निळ्या शाईची दाढ. तू तुझ्या चेंडूंवर काढतोस तीच. आता सांग, तुझे जुने चेंडू तू माझ्या क्लबात कुणाला वाटलेस?

सेक्रेटरीने दहाच कायम केले. वर म्हणाला की आमच्या पुढे कुणी खेळतच नव्हतं, आणि या वयात डोळे तपासून घेतलेले बरे. स्वतःच्या शर्टाची बटणं एक घर चुकवून लावणारा माणूस.

खराब होलनंतर काय करायचं ते मी केलं. हातमोजा काढला, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली, तुझा मंत्र म्हटला: गेलं ते तळ्याचं, पुढचं ते आपलं. मग एक्स्चेंजमधला माझा उपाय केला. वायर उपटायची, दिवा विझला की पुढच्या दिव्याकडे बघायचं. सगळं करून आठव्यावर उभी राहिले आणि जे करायचं नाही तेच केलं. मागे वळून बघितलं.

चौघे परत ग्रीनवर उभे होते. माझ्याकडे बघत नव्हते. तळ्याच्या अलीकडे, जिथून आम्ही मारलं होतं, त्या रिकाम्या जागेकडे बघत होते. बाई अजून हात करत होती.

पुढचे होल कसे गेले ते विचारू नकोस. लोभ आहे, पण सध्या रागाखाली दबला आहे.

तुझी,
तोफखाना

* * *

शनिवार, ८ मार्च

ती. ताईस,

सा. न. अक्षर वाकडं दिसेल, त्याला कारण आहे. आधी तुझं उत्तर देतो, मग माझं सांगतो. नावाला जागायला हवं.

चेंडू मी कुणालाही दिलेले नाहीत. जानेवारीपासून मी मैदानावर पाऊल ठेवलेलं नाही. पिशवी कपाटाच्या वर आहे आणि तिला चादर गुंडाळली आहे. माझी दाढ कुणीही काढू शकेल, एवढी काही ती सुंदर नाही. एक मात्र बघून कळव. तिच्या मधोमध काळा ठिपका आहे का? या डिसेंबरात नवे चेंडू घेतले, तेव्हा गमतीने दाढेत सिमेंट भरलेलं दाखवायला ठिपका काढला. तो मी कुणाला दाखवलेलाही नाही.

आता माझं. रागावू नकोस असं लिहिणार होतो, पण वाऱ्याला थांब सांगण्यासारखं ते. त्याच मंगळवारी माझ्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन होतं. तुझी स्पर्धा आटोपली की कळवीन म्हणत होतो. भूल दिली आणि चाकू लावायच्या आधीच हृदय थांबलं. चार मिनिटं. मग त्यांनी ते पुन्हा चालू केलं आणि काम न करताच मला बाहेर आणलं. आता परत शुक्रवारी, २१ तारखेला, पावणेनऊला. टाळलं तर उन्हाळा निघणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. सरळ सांगितलं. मी चाळीस वर्षं लोकांना 'जरासं दुखेल' सांगून दाढा उपटल्या, त्यामुळे सरळ बोलणारा डॉक्टर मला भीतिदायक वाटतो.

सून तुला साष्टांग सांगते. लोभ आहे तसाच राहू दे, दबलेला असला तरी.

तुझा धाकटा

* * *

मंगळवार, ११ मार्च

चि. आधीतुम्ही यास,

आशीर्वाद. बिनशर्त, कारण तू आजारी आहेस. शिव्या वेगळ्या पोस्टाने पाठवणार होते, पण तिकिटं वाया कशाला घालवायची.

माझी स्पर्धा आटोपली की कळवणार होतास! स्वतःच्या लग्नात दारात उभा राहून पाहुण्यांना 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत आत सोडत बसलास, आणि नवरी बिचारी आत एकटी ताटकळत राहिली. त्या दिवसापासून हे नाव पडलं ते उगाच नाही. पण मरणाच्या दारातही बहिणीच्या गोल्फला पुढे सोडायचं म्हणजे सभ्यतेची हद्द झाली. तुझ्या मुलालाही सांग, आत्याचा पत्ता त्याला ठाऊक आहे आणि आत्याचा हात अजून चालतो.

आता मुद्द्याचं. भिंग लावून बघितलं. ठिपका आहे.

तो चेंडू मी चिनी मातीच्या बशीत, माझ्या टेबलावर ठेवला होता. सकाळी उठून बघते तर बशीत पाणी. चमचाभर असेल. छत कोरडं, खिडकी बंद. पुसून ठेवलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. मोलकरणीला विचारलं तर ती म्हणाली, बाई, तळ्याचा वास येतोय. मी तिला कामाला लावलं आणि बशी बदलली.

मला दोन गोष्टी लेखी हव्यात. एक, हृदय थांबलं ते किती वाजता? हॉस्पिटलच्या कागदावर वेळ असणारच. मुलाकडून बघून घे. दोन, त्या चार मिनिटांत तू कुठे होतास? काही नाही, झोपलो होतो, असं लिहू नकोस. तू खोटं लिहितोस तेव्हा तुझ्या ओळी वर चढतात, आणि मागच्या पत्रात 'गमतीने' या शब्दापासून पुढे सगळ्या ओळी जिना चढत होत्या.

आमच्या शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, तोंडी केली ती कुरकुर, लेखी केली ती तक्रार. म्हणून फोन नको. फोनवर माणसं आवाज गोड करतात, हे मी कानांनी तेहतीस वर्षं ऐकलं आहे.

औषधं वेळेवर घे. लोभ वाढला आहे, त्याचा गैरफायदा घेऊ नकोस.

तोफखाना

* * *

शुक्रवार, १४ मार्च

ती. ताईस,

सा. न. कागदाखाली आखलेली पट्टी ठेवून लिहितो आहे, म्हणजे ओळी चढणार नाहीत.

कागद बघितला. नऊ वाजून बारा मिनिटं.

मी तुझ्या मागे उभा होतो. तुझा जांभळा स्वेटर, आणि वैतागल्यावर चष्मा पुसायची तुझी जुनी पद्धत. हाक मारावीशी वाटली, पण खेळणाऱ्याच्या मागे बोलू नये. पलीकडून त्यांनी हात केला. तू म्हणतेस तुला केला. ताई, तो मला होता. माझी पिशवी माझ्या खांद्यावर होती, आणि तुला कळतं का, छातीत काहीच दुखत नव्हतं. मी मारला. आयुष्यात इतका सरळ फटका मारला नाही. तुझी पाळी मोडली, त्याबद्दल माफ कर. दहावा फटका माझा. तसं सेक्रेटरीला लिहून द्यायला तयार आहे.

मारला की चालत जायचं असतं. मी तळ्याला वळसा घालायला निघालो. अर्ध्या वाटेत कुणीतरी छातीवर बुक्क्या मारायला लागलं आणि दिव्यांखाली जाग आली.

त्या चौघांतल्या तिघांचे चेहरे दिसले नाहीत. बाईच्या अंगात पुरुषी तपकिरी स्वेटर होता. बाह्या दोनदा दुमडलेल्या. तो स्वेटर कुणाचा आणि बाह्या कोण दुमडायचं, हे तुला लिहायला नको.

आता मला भीती वाटते. शुक्रवारची नाही, माझी. रात्रंदिवस तोच होल पुन्हा खेळतो आहे. मंत्र म्हणतो, नाडी बांधायला चपलेला नाडी नाही. डॉक्टर म्हणतात, मन घट्ट ठेवा, पेशंटने धरून ठेवलं तर आमचं काम सोपं. पण त्यांनी पुन्हा हात केला तर? कुणी वाट सोडली की न जाणं मला आयुष्यात जमलेलं नाही. आणि या खेपेला तर हात करणारी ती आहे.

तुला पटेल ते सांग. तू सांगितलेलं मी ऐकतो, तेवढी एक सवय चांगली आहे. लोभ असू दे, आणि जवळ असू दे.

तुझा धाकटा

* * *

सोमवार, १७ मार्च

चि. आधीतुम्ही यास,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र दुपारी मिळालं, चार वेळा वाचलं. ओळी सरळ आहेत.

बाह्या मीही बघितल्या होत्या. पहिल्या पत्रात लिहिलं नाही, कारण लिहिलं की ते खरं होतं. बाबांचा स्वेटर आईला शेवटपर्यंत मोठाच व्हायचा.

आता नीट वाच, कारण मी दोनदा सांगत नाही. तो मंगळवार हा तुझा खराब होल. तळ्यात गेला, दंड भरला, संपला. त्याची उजळणी बंद. हॉस्पिटलच्या चपलेला नाडी नसेल तर सुनेकडून एक नाडी मागून घे आणि मनगटाला बांध. नर्स काही म्हणाली तर तिला माझं नाव सांग. आत नेताना नाडी सोडायची, पुन्हा बांधायची. गेलं ते तळ्याचं. मग फक्त पुढचा श्वास, त्याच्या पुढचा बघायचा नाही. मागे वळायचं नाही. मी वळले, म्हणून सांगते.

आणि त्यांनी हात केला तर जायचं नाही. उभं राहायचं. शिष्टाचार गेला चुलीत. सत्तर वर्षं सभ्य राहिलास, एका सकाळी उद्धट हो. पिशवी खाली ठेव आणि तिच्यावर बस, म्हाताऱ्यासारखा.

तुला ते जमणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी तिकडे येत नाहीये. सगळे म्हणतील, भावाचं ऑपरेशन आणि ही बया गोल्फ खेळायला गेली. म्हणू देत. शुक्रवारी सकाळी पावणेनऊपासून मी सातव्यावर उभी राहणार आहे. सेक्रेटरीला लेखी कळवलं आहे की त्या दिवशी सातवा होल बंद राहील. कारण लिहिलेलं नाही. तुझा चेंडू बरोबर नेणार आहे. बशीत रोज पाणी येतंय, पण गेले दोन दिवस ते कमी होतंय.

ते आले की मी पुढे होईन आणि त्यांना हात करीन. तुझं वाक्य एका सकाळपुरतं उसनं घेते: आधी तुम्ही. व्हा पुढे, आमच्यासाठी थांबू नका, आम्ही फार हळू खेळतो. आईला नाही म्हणायला तुला कधी आलं नाही. मला ती सवय सहाव्या वर्षापासून आहे, आणि तिलाही माझ्याकडून ते ऐकायची सवय आहे. ते काम माझ्याकडे सोड.

एक्स्चेंजमध्ये संपलेली लाईन ताबडतोब सोडायची, हा माझा नियम, तुला ठाऊक आहे. लाईन धरून ठेवायची ती पलीकडे माणूस असेल तरच. ही मी धरून ठेवते आहे. हात दुखला तरी सोडणार नाही.

राहता राहिला तो दहावा फटका. तो तुझा असल्याचं तू कबूल केलंस, पण पट्टी ठेवून लिहिलेली कबुली मी ग्राह्य धरत नाही. पट्टीशिवाय, तुझ्या हाताने, सहीनिशी नव्याने लिहून पाठव. मुलाचं किंवा सुनेचं अक्षर चालणार नाही. इथे टपाल बाराच्या सुमारास येतं. गुरुवार दिनांक २७ मार्च, दुपारी बारा वाजेपर्यंत तुझं उत्तर माझ्या हातात पडलं पाहिजे. ओळी वर चढल्या तरी चालेल.

तोफखाना