गॅसच्या गावात गारठा

७ जानेवारी

विझला! पुन्हा विझला! सकाळपासून ते रीसेटचं बटण दाबून दाबून बोट हुळहुळं झालं. टक् टक् टक् — भक्क — निळी ज्योत दिसते, जरा जीव भांड्यात पडतो, आणि फुस्स! मग तो लाल दिवा. असा डोळे मिचकावतो की घर तापवणारा हा बॉयलर भिंतीवरून उपटावा आणि खाली पार्किंगमध्ये भिरकावून द्यावा.

आणि हे कुठे? मेदियाशमध्ये! निम्म्या देशाला आमच्या पायाखालून गॅस जातो. इथलं शेंबडं पोरही गॅसवर भाषण देईल. आणि आमच्याच स्वयंपाकघरात पेटत नाही.

साबिनला दवाखान्यातून घरी आणून तीन दिवस झाले. आठ महिन्यांचं पोर, छाती अजून घरघरतेय. डॉक्टरीणबाईंनी दारापर्यंत येऊन बजावलं होतं — घर उबदार हवं, नाहीतर परत इथेच आणावं लागेल. परत त्या नळ्या, परत तो त्याचा बसलेला आवाज! नाही. मी त्याला तिथे पुन्हा नेणार नाही, मग भले घरातलं फर्निचर जाळावं लागो.

सासूबाईंचं निदान तयारच होतं. "वारा शिरलाय त्यात. वाऱ्याच्या झोतानं धडधाकट माणूस आडवा होतो, हे तर यंत्र." वारा हा या बाईंचा सात जन्मांचा वैरी. घरात दोन दारं एकदम उघडी दिसली की किंचाळतात, आणि कानात कापूस कोंबून बसतात — जुलैमध्येसुद्धा!

माझं निदान — पाद्रीबाबा. परवा, बोबोतेआझाच्या, म्हणजे पाणी पवित्र करण्याच्या सणाच्या आदल्या दिवशी, घर पवित्र करायला आले. सब्ज्याची जुडी पाण्यात बुडवून सगळीकडे शिंपडत निघाले, आणि सासूबाई म्हणाल्या, "बॉयलरवरही शिंपडा हो." त्यांनीही हात आखडता घेतला नाही! वर सासूबाईंनी क्रॉसला ओठ लावले ते सोडेचनात, पुटपुटणं संपेचना. पाद्रीबाबांना अजून तीन मजले उरकायचे होते, ते चुळबुळ करायला लागले. दुसऱ्या दिवसापासून हा बॉयलर आजारी. आता बोला!

एक गोष्ट मात्र सुधारली — बाल्कनीतली खिडकी. ऑक्टोबरमध्ये आम्ही बाल्कनी काचांनी बंद करून घेतली. इमारतीत सगळ्यांनी केली, आम्हीच काय घोडं मारलं होतं? पण तेव्हापासून कोपऱ्यातली ती झडप कोणीतरी सतत किलकिली ठेवायचं. लोणच्याच्या बरण्यांमागून हात घालून मी बंद करायची, तासाभरात पुन्हा उघडी. होरियाच, दुसरं कोण? विचारलं की, "आईशपथ, मी नाही!" ज्या आईची शपथ घेतो ती शेजारी कानात कापूस घालून बसलेली. असो. सणापासून खिडकी बंद आहे. नवऱ्याला अक्कल आली म्हणायची.

८ जानेवारी

ओव्हनचं दार उघडं ठेवून स्वयंपाकघरात बसलोय आम्ही दोघी आणि पोर. होरिया कामावर — त्याच्या ऑफिसात गरम आहे!

९ जानेवारी

पेत्रिशोर येऊन गेला. चार वर्षांपूर्वी बॉयलर बसवला तो यानंच, त्यामुळे त्याचा रुबाब जावयासारखा. बूटसुद्धा काढले नाहीत. झाकण उघडलं, "हं हं" केलं, ठिणगी पाडणारी ती कांडी काढून माझ्या नाकासमोर धरली. "बघा बाई, कशी काळी पडलीय. ही बदलली की राजासारखा चालेल."

बदलली. पेटला! खरंच पेटला! मग साहेब बाल्कनीत गेले, खिडकी सताड उघडली आणि सिगारेट शिलगावली. बर्फाळ हवा थेट आत. मी म्हटलं, आता सासूबाई याला फाडून खाणार. ओरडल्या त्या, "खिडकी लाव रे मेल्या, वारा!" — पण जागच्या हलल्या नाहीत. दारातच उभ्या राहून त्याच्या त्या सिगारेटकडे अशा टक लावून पाहत होत्या की मलाच त्याची दया आली.

तो सिगारेट संपवेपर्यंत, नंतर कॉफी पिईपर्यंत, नंतर दुसरी सिगारेट संपवेपर्यंत बॉयलर गुरगुरत होता. रेडिएटर कोमट व्हायला लागले. मी साबिनची एक टोपी काढली.

पेत्रिशोर गेला. मी खिडकी लावली. आणि त्याची गाडी कोपऱ्यावर वळली नसेल तोच — फुस्स! लाल दिवा!

फोन केला तर म्हणतो, "मग गॅसचा दाब कमी असेल बाई." दाब कमी! मेदियाशमध्ये! माझा दाब विचार म्हणावं, तो किती चढलाय ते सांगते.

१० जानेवारी

बाल्कनीच्या काचा घामेजल्यात. नुसत्या धुकट नाहीत, पाणी गळतंय. बरण्यांची झाकणं ओली, खारवलेल्या कोबीच्या पिंपाखाली थारोळं. एवढ्या महागाच्या काचा आणि ही अवस्था! काचवाल्याला फोन लावला. तो म्हणे, "घरात ओलावा फार असेल." घरात ओलावा नाही, घरात मूर्ख माणसं फार झालीत.

साबिन पहाटे खोकला.

११ जानेवारी

आज होरियाशी कडाक्याचं वाजलं. सुरुवात त्याच्या मोज्यांवरून झाली, पण भांडण बॉयलरचंच होतं. बाल्कनी बंद करायची हौस तुझी, पेत्रिशोर तुझा, बॉयलर तुझा! तो म्हणाला, "आणि थंडी पण माझीच का?" मला हसू आलं असतं, पण पोर खोकत होतं.

मग त्यानं तोडगा काढला. चौथ्या मजल्यावरचा फनेल. फनेल ट्रक चालवतो आणि उरलेल्या वेळात सगळ्यांच्या घरातली यंत्रं उघडतो. त्याच्याकडेही हेच झालं होतं म्हणे. त्यानं आतल्या एका चिमुकल्या कळीच्या दोन तारा एकमेकींना जोडून टाकल्या. ती कळ म्हणे उगाच घाबरट असते, जरा काही वाटलं की ज्योत विझवते. तारा जोडल्या की तिचं कोणी ऐकत नाही, बॉयलर बंद पडायचं नावच घेत नाही.

"मग पाच दिवस झोपला होतास का?" मी विचारलं.

सासूबाई मध्येच कडाडल्या, "त्याच्यावर का ओरडतेस? थंडी काय त्यानं आणली?"

त्यांचं काही कळत नाही हल्ली. सणापासून नुसत्या धुमसताहेत. दिवसभर सूर्यफुलाच्या बिया फोडत बसतात. टरफलं सोफ्यात, टरफलं पाळण्याखाली, टरफलं माझ्या चपलेत! एरवी जेवणानंतर "कोबी बघून येते" म्हणून बाल्कनीत जायच्या, तेवढा वेळ तरी घरात शांतता असायची. आता तेही बंद. खुर्चीला खिळल्यासारख्या बसतात आणि बारीकसारीक गोष्टीवर खेकसतात. मी विचारलं, "आई, काही दुखतंय का?" तर म्हणाल्या, "दुखलं तर तुला काय?" घ्या! विचारलं तीच चूक.

१२ जानेवारी

फनेल उद्या येतोय. साबिनच्या अंगावर तीन स्वेटर, हात बाजूला पसरलेले, गोंडस बुजगावण्यासारखा दिसतो. डॉक्टरीणबाईंचा फोन आला. मी खोटं बोलले — हो हो, घर छान उबदार आहे.

१३ जानेवारी

नीट क्रमानं लिहिते.

फनेल पाचला येणार होता. साडेपाच झाले. बाल्कनीत जाऊन काच पुसून खाली पाहिलं, तर फनेल आणि माझा नवरा पार्किंगमध्ये गाडीचं बॉनेट उघडून आत डोकं घालून उभे! माझं पोर इथे गारठतंय आणि हे इंजिन बघताहेत! खाडकन खिडकी उघडली, कमरेपर्यंत बाहेर वाकले आणि जीव खाऊन ओरडले, "होरिया! त्याला आत्ताच्या आत्ता वर घेऊन ये आणि त्या तारा जोडायला लाव, नाहीतर मी पोराला घेऊन माहेरी चालले!"

अख्ख्या इमारतीनं ऐकलं. समोरच्या बाईनं पडदासुद्धा सरकवला. ओरडून दम लागला म्हणून तशीच उभी राहिले, हवा घेत.

आणि पाठीमागे सासूबाईंनी सवयीनं रीसेट दाबलं — टक् टक् टक् — भक्क. ज्योत! मी वाट पाहत राहिले, आता विझेल, आता विझेल. विझेना. मजेत गुरगुरत होता.

सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या ओरडण्याला घाबरला."

मी खिडकी लावली. थोड्या वेळानं फुस्स. उघडली, बटण दाबलं — पेटला. लावली — विझला. मग मी वर पाहिलं. बॉयलरचा धुराडा-पाइप स्वयंपाकघराच्या भिंतीतून बाल्कनीत निघतो, अगदी डोक्यावर. त्याच्या तोंडातून पांढरी वाफ येत होती आणि बाल्कनीतच घुटमळत होती. काचांचा घाम तो हाच.

ते दोघे वर आले. फनेलच्या हातात पक्कड तयार. मी त्याला म्हटलं, "झाकणाला हात लावलास तर बघ." पेत्रिशोरला फोन केला आणि नुसतं एवढंच सांगितलं की खिडकी उघडली की पेटतो. पलीकडून हत्यारांचा खडखडाट. मग म्हणाला, "खिडकी उघडीच ठेवा. निघालो."

या वेळी बूट काढून आत आला. पाइपकडे पाहिलं, काचांकडे पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली. बाल्कनी मोकळी होती तोवर धूर हवेत जायचा. आता काचांत कोंडतो, आणि बॉयलर तिथूनच हवा ओढतो. स्वतःचाच धूर पितो, गुदमरतो, विझतो. "विझत होता म्हणून बरं," म्हणाला. "त्या तारा जोडल्या असत्या ना, तर गुदमरूनही जळत राहिला असता. तो धूर दाराच्या फटीतून घरात. वास नाही, रंग नाही. उद्या मी इथे पाना-पक्कड घेऊन नसतो आलो, तुमच्या मयताची मेणबत्ती घेऊन आलो असतो."

फनेल पक्कड खिशात घालून चौथ्या मजल्यावर पळाला. तिथे त्याचा तो शहाणा बॉयलर जळत होता ना!

मी पेत्रिशोरला सोडलं नाही. याच पाइपाखाली उभा राहून दोन सिगारेटी फुंकल्यास आणि तुला दिसला नाही? तो खाली मान घालून म्हणाला, "खिडकी उघडी होती बाई, म्हणून वाफ दिसलीच नाही." मग एकदम विचारलं, "पण ऑक्टोबरपासून चालला कसा हा? कोणीतरी खिडकी उघडी ठेवत असणार. कोण ते?"

मी होरियाकडे पाहिलं. तो रडकुंडीला आला होता. "आईशपथ, मी नाही!"

सासूबाई बिया फोडत होत्या. त्यांचा हात मध्येच थांबला.

१४ जानेवारी

पाइप लांबवून काचेबाहेर काढायचाय. सामान यायला दोन-तीन दिवस लागतील. तोवर खिडकी उघडी. बाल्कनी आवरायला घेतली. कोपऱ्यातल्या बरण्या हलवल्या, आणि मागे, बरोब्बर त्या खिडकीखाली, बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. उघडला. काठोकाठ सिगारेटची थोटकं! वर एक अख्खं पाकीट, अजून न फोडलेलं.

डबा घेऊन आत गेले. सासूबाईंनी पाहिला. कापूस काढला कानातून — म्हणजे मामला गंभीर.

"तुझे सासरे गेले तेव्हापासून ओढते," म्हणाल्या. "होरियाला माहीत नाही. त्याला सांगू नकोस."

"आणि वारा? तुम्ही? खिडकीत?"

"डोक्याला शाल गुंडाळायचे. वास जावा म्हणून झडप उघडी ठेवायचे. तू बंद केलीस की पुन्हा जाऊन उघडायचे." मग डबा माझ्या हातून घेत म्हणाल्या, "आता नाही ओढत. पाद्रीबाबा आले त्या दिवशी क्रॉसवर शब्द दिला. पोराची छाती मोकळी होऊ दे, मी माझा धूर सोडते. लगेच खिडकी पण घट्ट लावली. म्हटलं, आता वारासुद्धा नको त्याला." त्यांनी पाळण्याकडे पाहिलं. "आणि बघ काय झालं. मीच मारलं असतं त्याला."

आठवडाभर मी किती जणांवर चिडले! पाद्रीबाबा, पेत्रिशोर, काचवाला, होरिया, गावातला गॅस. आज चिडायला कोणी सापडेना. या बाईची चोरटी सिगारेट होती म्हणून ऑक्टोबरपासून आम्ही रोज सकाळी जिवंत उठलो. आणि तिनं नातवासाठी ती सोडली, त्या दिवसापासून मरण घरात शिरायला बघत होतं. मी टरफलं गोळा केली, त्यांच्या पायाशीच बसून.

१५ जानेवारी

घर उबदार आहे. साबिन एकाच स्वेटरमध्ये झोपलाय. श्वास मोकळा.

सकाळी बाल्कनीत गेले तर सासूबाई उघड्या खिडकीत उभ्या. डोक्याला शाल नाही. कानात कापूस नाही. हातात सिगारेट नाही. झडप वाऱ्यानं लागू नये म्हणून नुसती हातानं धरून ठेवलेली.

"आई, वारा लागेल!"

"लागू दे," म्हणाल्या.