पेजेच्या निवळीचे थेंब

मालवण, बुधवार

ती. सौ. सुशीलावहिनी यांस,

धाकट्या जावेचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो ना? इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत, फक्त स्वयंपाकघर वीस दिवस अंधारात आहे. फोन न करता पत्र लिहिते, कारण फोन केला की तुमच्या घरी भाई तो स्पीकरवर टाकतात आणि माझं अर्धं बोलणं घशातच राहतं. ठरल्याप्रमाणे चतुर्थीपासून शिमग्यापर्यंत सासूबाई आमच्याकडे होत्या आणि या रविवारी भाई त्यांना कुडाळला न्यायला येणार आहेत. त्याआधी इथे काय घडलं ते तुमच्या कानावर असावं.

मला पाण्याच्या दोन थेंबांच्या टकरीचा फोटो काढायचा होता. (हसू नका, लोक भरतकाम करतात तसंच हे.) पहिला थेंब ताटातल्या पाण्यात पडला की पाण्याचा बारीक खांब वर उठतो. त्याच्या डोक्यावर नेमका दुसरा थेंब आदळला, तर तिथे पाण्याची छत्री उघडते, डोळ्याचं पातं लवायच्या आत मिटते. मी स्वयंपाकघरातल्या जुन्या पाळण्याच्या कडीला सलाईनची बाटली टांगली, खिडक्यांना चादरी लावल्या (एक तुमच्या धाकट्या दिरांची लुंगी होती, ती त्यांना आंघोळीनंतर आठवली) आणि चार दिवसांत सहाशे फोटो काढले. सहाशेही फोटोंत ताट तेवढं छान आलं.

पाचव्या दिवशी सासूबाई आत आल्या, ताटात बोट बुडवून म्हणाल्या, ‘‘गो, ह्यां पाणी पातळ आसा. पेजेची निवळ घे.’’ पेजेवरच्या त्या दाटसर पाण्याने खांब खरंच उभा राहू लागला. रंगाला कोकमाचं आगळ घातलं. फक्त आईंनी सवयीने त्यात मीठही घातलं आणि दुपारी तुमच्या दिरांनी ते अख्खं ताट सुक्या बांगड्याबरोबर संपवलं. वर विचारलं, आज पेज आंबट का.

पण दुसरा थेंब काही वेळेवर येईना. तेव्हा आईंनी सलाईनचं चाक माझ्या हातातून काढून घेतलं. त्या आणि त्यांची थोरली जाऊ एकाच उखळात भात कांडायच्या, एकीचं मुसळ वर जाताना दुसरीचं खाली. मुसळावर मुसळ आपटू नये म्हणून जो ताल होता, तोच त्यांनी इथे उलटा लावला. ‘‘जल्मभर टक्कर चुकवली, आता करून बघूया,’’ म्हणाल्या. त्या चाक फिरवतात, तोंडाने ‘हूं’ म्हणतात, त्या ‘हूं’ला मी कॅमेऱ्याचं बटण दाबते. अकराव्या ‘हूं’ला छत्री उघडली. आम्ही दोघी त्या फोटोकडे बघत बसलो आणि भात करपला.

तेव्हापासून त्या मला दम देतात, माझं बोट मंद आहे म्हणतात, शेजारणींसमोर ‘माझो फोटो’ म्हणून दाखवतात. एकूण फार त्रास आहे. कळावे, लोभ आहेच, तो राहू द्यावा.

तुमची,
रसिका

ता. क. भाईंना रविवारी पाठवू नका. गाडी बिघडली म्हणा, काहीही म्हणा. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, इतके दिवस मी त्यांना वाढलं, औषधं दिली, पण त्यांच्याशी बोलायला लागून जेमतेम पंधरा दिवस झालेत. त्या गेल्या तर मला करमणार नाही.

ता. क. दुसरा. वरचं सगळं आईंना वाचून दाखवलं. डोळे पुसले आणि म्हणाल्या, ‘‘मी जातलंयच. सुशीला तिकडे एकटी आसा, तिका कोण शिकवतला?’’ सलाईनची बाटली त्यांनी मंगळवारीच पिशवीत भरली आहे, आणि तुमच्या स्वयंपाकघरात कडी ठोकायला भाईंना परस्पर सांगितलंही आहे. तेव्हा वहिनी, कडी ठोका, निवळ काढा, पण बटणाला हात लावू नका. दर रविवारी पहिल्या एस.टी.ने मी येते.