एकाच ओढ्यातल्या शिंगट्या

१४ ऑक्टो., मुरुड
निकाल आला. वाडीवर मासे धरणाऱ्या तुळसामावशीने एकाच ओढ्यातून धरून दिलेल्या चोवीस शिंगट्या. दिसायला सारख्या, पण डीएनएच्या मार्करवर, म्हणजे जात ओळखायच्या खुणेवर, सरळ दोन गट! पुस्तकांत इथे एकच जात.
माझ्या संशोधनाच्या गाईड सरांचा फोन. "लेबलं बदललीस का?" घाईने म्हणालो, "मावशींनी दुसऱ्या ओढ्यातले मिसळले असतील."
सगळे मासे तिने माझ्या डोळ्यांदेखत धरलेत.

१९ ऑक्टो.
सर स्वतः आले, थेट मावशीच्या वाडीवर. समाजमंदिरापुढे बायका, म्हातारे, सगळे जमले. सर चढ्या आवाजात, "खरं सांगा, मासे कुठून आणले?"
"वड्यातलेच हायत. ह्यो व्हता ना संगती. इचारा त्याला."
सगळे माझ्याकडे वळले. मी वही चाळत राहिलो. "नीट आठवत नाही, सर."
मावशी उठून गेली.

२० ऑक्टो.
जेवण गेलं नाही.

२ नोव्हें.
पुन्हा नमुने. या वेळी ओढ्यात मी एकटा. दोन दिवसांत जेमतेम नऊ मिळाल्या. मावशी पलीकडच्या काठाने गेली. हाक मारायचा धीर झाला नाही.

२१ नोव्हें., लॅब
नव्या नऊंतही तेच दोन गट. दुसरा मार्करही तेच सांगतो, म्हणजे दोन्हींचा आपसात संकर झालेला नाही. एकाच ओढ्यात दोन वेगळ्या जाती. लेबलं बरोबर होती. मावशी तर बरोबर होतीच.
सर खूश, "पेपर झाला बघ!" मावशीचा विषय काढला, तर म्हणाले, "आभारात नाव घालू." मी "हो सर" म्हणालो. शी.

२४ नोव्हें.
एसटीने वाडीवर. मावशी अंगणात भात वाळवत होती. सगळं सांगितलं. आठवत होतं, हेही.
"म्हंजी तुला ठावं व्हतं."
"हो."
"मंग आता माज्या एकटीच्या कानात काय सांगतोस? तवा सगळी व्हती." हात भातातच. "रइवारी वाडीची बैठक हाय. तितं बोल. न्हायतर येऊ नको."

रविवार
समाजमंदिराच्या पायरीवर. माणसं येतायत. काय बोलायचं ते चारदा लिहून खोडलं. सरांना कळवलेलं नाही, कळल्यावर ते...
मावशी मागे भिंतीला टेकून बसलीय, माझ्याकडे बघत नाही.
एका म्हाताऱ्याने विचारलं, "काय काम काडलंत?"
"बोलायचंय. सगळ्यांसमोर."
"बसा मंग. आदी पान्याचा इषय हाय."
बसलोय.