चिमणीचा पान्हा

॥ श्री ॥
कापडे, मंगळवार, ता. १२ नोव्हेंबर २०२४

मेहुणी बनुबाई हीस चांगूचा स. न. वि. वि.

चिठ्ठी बघून घाबरू नकोस, मी जिवंत आहे. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं कळत नाही, म्हणून लिहितो. शाळा चौथीपर्यंतच झाली, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घे. शेजारचा नागसेन महाडला वसाहतीत कंपनीत जातो, तिथे त्याच्याच पाळीत तुमच्या पाचाडचा माणूस आहे. त्याच्या हाती देतोय. पोचली तर कळव. नाही पोचली तरी कळव.

आपली चिमणी आज पहाटे व्याली. पारडी झाली. एवढ्या धिप्पाड म्हशीला चिमणी म्हणायचं तुझ्या बहिणीलाच सुचू जाणे. मी तेव्हा म्हटलं होतं, लोक हसतील. रंगू म्हणाली, हसू देत की, फुकटात हसतात.

पण मला घोर लागला आहे. पारडी लावली की म्हैस पान्हा सोडते, माझा हात लागला की चोरते. वर लाथ. कास सुजली तर काय करू? जनावर दगावलं तर? पौषात रंगू गेली, तेव्हाही ही आठ दिवसांत आटली होती. मंगेश मुंबईहून म्हणतो, बाबा, तुमच्याने आता होणार नाय, विकून टाका. त्याने गिऱ्हाईकही बघितलंय. शुक्रवारी सकाळी रंगूच्या महाडच्या मैत्रिणीचा, झुबेदाबाईंचा मुलगा उबेद टेम्पो घेऊन तिला न्यायला येणार. पोराचं काही चुकत नाही. पण रंगूच्या हाताची सवय असलेलं या घरात आता दोनच जीव उरलेत, एक चिमणी आणि एक मी. त्यातली एक गेली तर दुसऱ्याचं काय व्हायचं?

चिकाचा खरवस रंगूला किती आवडायचा, तुला ठाऊक आहे. पहिली वडी चुलीजवळ उभ्यानेच, बोटं पोळत खायची. नैवेद्यसुद्धा मागाहून. मी म्हणायचो, देव कोपेल. ती म्हणायची, देवाला गार चालतो, मला गरमच लागतो. आणि देव तिच्यावर कधी कोपला नाही बघ. कोपला तो माझ्यावर.

काही युक्ती ठाऊक असेल तर लगेच लिही. तू मात्र येऊ नकोस, डब्यात गूळ थोडाच उरला आहे.

बोलण्याचा राग धरलास तरी चालेल, माया आटू देऊ नकोस.

चांगू

॥ श्री ॥
पाचाड, बुधवार, ता. १३ नोव्हेंबर २०२४

ती. भावजींस बनूचा सा. न. वि. वि.

चिठ्ठी पोचली. पोचली नसती तर मी कसं कळवायचं होतं, ते तेवढं मला अजून उमगलेलं नाही. आज गड बघायला शाळेची सहल आली होती. खानावळीत दिवसभर भाकऱ्या थापून हात भरून आलेत, म्हणून अक्षर असं. तुमचं तर हात न भरताही तसंच येतं.

आधी गुळाचं. मी चार दिवस राहून गेले की तुमचा डबा रिकामा, आणि तुम्ही अख्ख्या कापड्यात सांगणार की आमची मेहुणी म्हणजे गुळावरचा मुंगळा. भावजी, मला गोड कधीच फारसं आवडलं नाही. हे मी ताईसमोर किती वेळा सांगितलं. ती नुसती तोंडाला पदर लावून हसायची. माझी सख्खी बहीण, पण माझ्या बाजूने एक शब्द बोलली नाही.

आता युक्ती. गोठ्यातल्या खुंटीवर ताईचं धार काढायचं लुगडं हाय ना? होळीला आले तेव्हा होतं. ते अंगावर घ्या, पदर डोक्यावरून घ्या आणि मग बसा. जनावर माणसाला वासावरून ओळखतं. ताई बाळंतीण होती तेव्हा तिचं लुगडं पांघरून आमच्या आईने तुमच्याच गोठ्यात धारा काढल्या होत्या. तुम्ही तेव्हा बाहेर येरझारा घालत होतात, तुम्हाला कुठून दिसणार.

आणि कुरकुरत आत शिरू नका. ताई गुणगुणत शिरायची. पोलादपूरच्या थांब्यावरचं आठवतं? तुम्ही रस्त्यात जाऊन एसटी दिसते का म्हणून मान उंचावून बघायचात, आणि ताई सावलीत बसून मिठातला आवळा चोखायची. गाडी दोघांनाही एकाच वेळी मिळायची. पण तिचा आवळा खाऊन झालेला असायचा.

शुक्रवारच्या आत करा. थोरलेपणाचा हात डोक्यावर असू द्या, दुसऱ्या हाताने म्हैस धरा.

तुमची बनू

॥ श्री ॥
कापडे, शुक्रवार, ता. १५ नोव्हेंबर २०२४

बनुबाई हीस चांगूचा हात जोडून नमस्कार, वि. वि. हात का जोडले ते पुढे येईल.

तुझी चिठ्ठी काल दुपारी मिळाली. आधी रागच आला. सत्तरी उलटलेल्या माणसाने बायकोचं लुगडं पांघरून बसायचं, आणि कोणी बघितलं तर? पण खरं सांगतो, लोकांची भीती मागाहून वाटली. त्या लुगड्याला मी दहा महिन्यांत हात लावला नव्हता. एकदा खाली उतरवलं की ते पुन्हा तसं टांगता येणार नाही, असं वाटायचं.

आज पहाटे उतरवलं. शेणाचा वास, धुराचा वास, आणि त्यांच्या खाली अजून तिचा. पदर डोक्यावरून घेतला आणि बादली घेऊन बसलो. चिमणीने मान वळवली, ओळखीचा हुंकार दिला. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात तिने लांब जीभ काढून पदराचं टोक तोंडात ओढलं, चघळलं, नको म्हणून टाकलं आणि एका लाथेत बादली भिंतीवर.

मी ते टोक बघितलं. चावून चावून चिंध्या झालेल्या. मला आजवर वाटायचं, उंदरांनी कुरतडलंय. मध्ये एक गाठ, काळी आणि चिकट. सोडून नाकाला लावली. गूळ, बनू! आपल्या डब्यातला गूळ!

मी तसाच खाली बसलो. रोज पहाटे मी ओटीवरून ओरडायचो, की चहा निवला, एवढा वेळ काय करतेस. ती आतून म्हणायची, आलेच. आणि येताना तोंड पुसत यायची. म्हणजे एक खडा म्हशीला आणि एक स्वतःला. मी ओटीवर कुरकुरत असताना ही बाई रोज गोठ्यात जत्रा करून यायची आणि हसतमुखाने घरच्या कामाला लागायची. मला पत्ता नाही. मी डब्यात डोकावून तुझं नाव घ्यायचो, आणि ती पदर तोंडाला लावायची. तोच पदर! असं सुख मी जन्मात चोरलं नाही. मला सुख समोर ठेवलं तरी आधी ते सांडेल म्हणून भीती वाटते.

उठलो, गुळाचा खडा आणला, पदराला गाठ मारली. गुणगुणायला गाणं येत नाही, म्हणून महाडपासून कापड्यापर्यंतचे एसटीचे थांबे चालीवर म्हटले. चिमणी पदर चघळत उभी राहिली. पोलादपूरपर्यंत पोचलो आणि तिने पान्हा सोडला.

थांब्यांच्या नादात टेम्पो आलेला कळला नाही. उबेद दारात उभा, आणि मी डोक्यावर पदर घेऊन धार काढतोय. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पोरगा हसला नाही. हळूच म्हणाला की चाचा, उठू नका, हिला असंच राहू द्या. फोनवर माझा व्हिडिओ काढून त्याने मंगेशला धाडला आणि मग त्याच्याशी बोलला. मला ऐकू येईना, म्हणून मागाहून त्यानेच सांगितलं, मंगेश काय म्हणाला ते. आईच्या लुगड्यात बाबा बरे दिसतायत, म्हैस राहू दे.

शेवटचा चीक, त्यामुळे पातळ. खरवस जरा मऊच बसला. उबेदला थांबवून झुबेदाबाईंसाठी डबा भरून दिला. रंगूकडून दर वेळी जायचा, तो का चुकवायचा? टेम्पो रिकामा गेला, डबा भरलेला गेला.

पहिली वडी मी चुलीजवळ उभ्याने खाल्ली. नैवेद्याच्या आधी. जीभ पोळली. ती म्हणायची ते खरं आहे, गरमच चांगला लागतो.

इतकी वर्षं तुला मुंगळा म्हटलं, ते मागे घेतो. चूकभूल पदरात घे, आणि ओढ आहे तशी राहू दे.

चांगू

ता. क. – चिमणीला आता दोन्ही वेळा गूळ लागतो आणि अधूनमधून एक खडा माझ्याही तोंडात जातो. डबा रिकामा होत आलाय. घरात दुसरं कोणी नाही, नाव घ्यायचं तरी कोणाचं? तू चार दिवस राहायला ये.