खंडाळ्याची कळशी

नीलव्वा,

तुला उठवलं न्हाय. आमची भजनाची मंडळी रात्रीच्या गाडीनं निघून आत्ताच पोचली. मी तशीच नळावर चाललेय. आज रांगंत मी उभी ऱ्हाते.

माझं डोस्कं अजून ठिकाणावर न्हाय बघ. खंडाळ्यात पत्र्यावरनं धो धो पाणी पडतंय आणि खाली कुणी साधं भांडं लावत न्हाय! पावसाच्या गावाला आमी येड्यावानी हितनं प्यायला पाणी घेऊन गेलेलो. उतरल्या उतरल्या आमी सगळ्यांनी डबे, तांबे पत्र्याखाली लावले, तर हमाल हसायला लागले. गोजरबाई तितंच बसून रडली. आपल्याकडं दोन वर्सं ढग नुसतं तोंड दाखवून जातात, आणि तितं लोंढंच्या लोंढं गटारात चाललंय की गं!

मोरीत कळशी ठेवलीय, तोंडाला फडकं बांधलेली. रातभर मांडीवर धरून आणलीय. माठात ओतू नको, भांड्यालाबी वापरू नको. परवा तू तांब्याभर पाणी डोक्यावर घेतलंस, तवा शेजारणींसमोर तुझी सासू नको ते बोलली.

आज केस धू. थेंबबी मागं ठेवू नको.

— तीच तुझी सासू