बाबांच्या मापाचा चष्मा

दि. ४ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

आईचं वय झालं, हे आता तूही मान्य कर. मी स्वतः बनवलेला नवा चष्मा लावूनही तिला एकाच्या दोन सुया दिसतात. जिना उतरताना भिंत चाचपडते. एखाद दिवशी बोटच शिवून घेईल, म्हणून शिलाई मशीन काढून टाकतोय. पंधरा तारखेला गिऱ्हाईक येईल. आई रडली, पण हे तिच्याच भल्याचं आहे.

चष्मेवाल्यांच्या सभेत माझं भाषण झालं. पुरुषाचा नेत्रगोल बाईच्यापेक्षा किंचित लांब असतो, म्हणूनच आपण लांबचा विचार करतो, असं मी ठणकावून सांगितलं. टाळ्या पडल्या.

भावावर माया ठेव.
तुझा दादा

दि. ९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

टाळ्या वाजवणारे सगळे बाप्येच असणार. डोळा प्रमाणाबाहेर लांबला की लांबचं धूसर दिसतं, हे तुझ्याच दुकानात टांगलेल्या चित्रावर छापलंय. भाषणाआधी तेवढं तरी पाहायचंस.

आई परवा माझ्याकडे आली. तुझा चष्मा लावून तिने एक डोळा मिटला आणि पहिल्या झटक्यात सुईत दोरा ओवला. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली: एका डोळ्याने नीट दिसतं, मग दोन्हींनी दोन सुया का? तिला इथल्या चष्मेवालीकडे नेलं. तिने आईच्या दोन बाहुल्यांतलं अंतर मोजलं, मग तू बसवलेल्या भिंगांच्या मध्यांमधलं. पाच मिलिमीटरचा फरक! एकाच्या दोन दिसणारच. आई म्हणाली, तू तिला मोजलंच नाहीस. घरचंच तर आहे म्हणून बाबांच्या चष्म्यावरून माप उतरवलंस. पुरुषांच्या बाहुल्यांत अंतर बहुधा जास्त असतं, हे तुझ्या पुस्तकात नेत्रगोलाच्या पुढच्याच पानावर असेल. पान उलटायचा कंटाळा केलास आणि म्हातारीला वेड्यात काढलंस.

मला भयंकर राग आलाय. मशीनला हात लावलास, तर पंधरा तारखेला दारात मी उभी असेन. वहिनीला नमस्कार. राग निवळला की लोभ आहेच.

तुझी धाकटी

दि. १८ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

माझा चष्मा बदलला. सुई एकच दिसते, जिनाही जागेवर आला. दादाने या खेपेला पट्टी धरून तीनदा मोजलं. तोंड एवढंसं झालं होतं. म्हणाला, घरचीच म्हणून मोजायचं राहिलं. मी त्याला एवढंच विचारलं, की तूही घरचाच होतास, तुझा एक तरी सदरा मी बाबांच्या मापाने शिवला का?

गिऱ्हाईक हात हलवत परत गेलं. मशीन खिडकीशीच आहे, आणि त्यावर दादाचाच सदरा चढवलाय. पोट बरंच सुटलंय त्याचं. मोजलं म्हणून कळलं.

सुखात राहा.
तुझी आई